कासव सापडेपर्यंत पाणी

व्हीसीआरच्या तोंडातून कॅसेटची फीत लोंबत होती आणि चष्मेवाला तिच्यापुढे गुडघे टेकून बसला होता. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. चार वाजता ताई येणार होती.

ताई म्हणजे त्याची दहा वर्षांनी थोरली बहीण, शाळेची मुख्याध्यापिका. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना "शेवटची ओळ वाचा" म्हणून दरडावणाऱ्या या सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला ती अजून बाळ म्हणायची, आणि जिन्यात तिची पावलं वाजली की तो अजून शर्टाची बटणं चाचपायचा. कॅसेट तिची होती. घरची माणसं गावाला गेल्यावर कुत्रा, मांजर, पोपट आणि कासव मिळून घरात जो धुमाकूळ घालतात, त्याचं कार्टून. टीव्हीवर ते एकदाच लागलं, तेव्हा बाळ सात वर्षांचा होता. शेजारच्या काकांनी ते उतरवून घेतलं होतं. तेव्हापासून दर वर्षी बाळच्या वाढदिवसाला भाऊबहीण ते शेजारी बसून बघत. "घरात कोणी नाही म्हणतात, मग आपण कोण?" असं पोपटाने विचारलं की दोघांचेही ओठ हलत आणि दोघं हसत, चाळीस वर्षांपूर्वी हसले होते तस्सेच. एरवी ताईला हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

कॅसेट ताईच्या कपाटात, कुलपात असे. काल तिने ती दिली तीही बजावून. "मशीन चालतं का तेवढं बघ. पुढे बघत बसायचं नाही. एकट्याने तर नाहीच."

तो बघत बसला. कासव हरवलं, तसा सवयीने उठून पाणी प्यायला गेला, आणि परत येतो तर मशीनने फीत चावून ठेवलेली.

"नुसती चुरगळलीय," बायको म्हणाली. "हलक्या हाताने इस्त्री फिरवा."

ते त्याला पटलं. घाबरलेल्या माणसाला काहीही पटतं. पण इस्त्री चादरींसाठी तापवलेली होती. तीन-चार हात फीत बघता बघता तिला चिकटली आणि घरभर जळका वास सुटला. मग त्याने भिंग लावून उरलेली दोन टोकं कापली, चिकटपट्टीने जोडली, आणि खिडक्या उघडल्या. कॅसेटचे स्क्रू आवळताना आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्क्रू-ड्रायव्हर दोन हातांनी धरला.

"कासव सापडतं तेवढाच तुकडा गेलाय," तो कुजबुजला. "ताईला कळलं तर ती माझं तोंड बघायची नाही. पुढच्या वर्षी येणारच नाही ती."

"मग?"

"तू स्वयंपाकघरात मेन स्विचपाशी थांब. कासव हरवलं की मी खोकतो. तू स्विच पाड."

चारच्या ठोक्याला ताई आली. "कसला वास येतोय?"

"चादर," तो म्हणाला. चादर जळल्याचं त्याला वाईट वाटतंय अशा आवाजात म्हणाला.

कार्टून सुरू झालं. पोपट बोलला, ताई हसली. कासव धुण्याच्या टोपलीमागे गेलं, दिसेनासं झालं. त्याने खोकायला तोंड उघडलं, पण घसा इतका कोरडा पडला होता की आवाजच फुटेना.

"बाळ, पाणी आण," ताई म्हणाली.

दर वर्षी ती नेमकी इथेच पाणी मागायची. तो धावत आत गेला, पेला भरला, घाईने आधी स्वतःच प्यायला, आणि त्याला ठसका लागला. बायकोने इमानदारीत स्विच पाडला.

तो बाहेर आला तेव्हा ताई व्हीसीआरसमोर हात पसरून उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वीज आली की पुढूनच लावायचं," ती म्हणाली. "मागे न्यायचं नाही."

"का गं?"

ताई मटकन खुर्चीत बसली. "तू सात वर्षांचाच होतास, कॅसेट आपण अजून एकदाही लावली नव्हती. मी विणकामाचा कार्यक्रम उतरवत होते, चुकून यावरच उतरला. मिनिटभरच, पण कासव सापडतं तो भाग गेला. तू काय रडशील या भीतीने सांगितलं नाही. तेव्हापासून तिथे आलं की तुला पाण्याला पाठवते."

चष्मेवाल्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. जळालं होतं ते विणकाम.

"मग कासव सापडलं कुठे?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत? पहिल्यांदा लागलं तेव्हा नेमकी तुला शू लागली. मीच घेऊन गेले होते." तिचे डोळे भरून आले. "रागावलास?"

"जाऊ दे, ताई." त्याने मोठ्या मनाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिला माफ करत होता आणि त्याला ते फार आवडलं. "कॅसेटच आहे. माणसाकडून चूक व्हायचीच."

तेवढ्यात वीज आली आणि पाठोपाठ आतून बायकोचा आवाज आला.

"अहो, इस्त्रीला चिकटलेली कॅसेट खरवडून निघाली बरं का. वन्संना काही कळायचं नाही आता."

ताईने डोळे पुसले, चष्मा नीट लावला आणि ती सरळ बसली.

"बाळ," ती म्हणाली, "पाणी आण."