एकवीस हातांचा तवा

एका जंगलात, बाळांनो, गोदाक्का नावाची साळींदरीण राहायची. मांडी घालून बसा आधी, चुळबुळ नको.

त्या जंगलात विस्तव पेटवायची परवानगी एकाच ठिकाणी होती, पाणवठ्याजवळच्या जांभळीखालच्या चुलीवर. तिथे गोदाक्का घावनं घालायची. तिचा तवा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. काळाकुट्ट आणि चांगलाच वजनदार. तेलात बुडवलेला अर्धा कांदा ती तव्यावर फिरवायची, पीठ ओतायची, झाकण ठेवायची. झाकण काढलं की घावन आपणहून कडा सोडायचं. पातळ, पांढरं, जाळीदार. शेवटी तवा पुसायचा, तेलाचं बोट फिरवायचं आणि खुंटीला अडकवायचा. झालं.

जंगलाचा नियम होता, ज्याचा तवा उत्तम त्याची वर्षभर चूल. दुसऱ्या कुणाकडे तवाच नव्हता, म्हणून गोदाक्का निवांत होती. चूल गेली तर पुन्हा कंदमुळं उकरत रानोमाळ फिरायचं, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं.

मग एक वानर शहरात चार दिवस राहून आला आणि तज्ज्ञ झाला.

"अक्का, तवा रोज वापरता?"

"मग काय देव्हाऱ्यात बसवू?"

"तिथेच चुकतं तुमचं. जवसाच्या तेलाचे एकवीस हात द्यायचे. प्रत्येक हातानंतर एक दिवस विश्रांती."

"कुणाला, मला?"

"तव्याला."

महिन्याभरात घरोघर तवे आले. रानडुकराने आपलं घोंगडं तव्याला दिलं आणि स्वतः कुडकुडत बसला. घोरपडीने सख्ख्या जावेशी बोलणं टाकलं, कारण तिने तव्यावर आंबट टोमॅटो ठेवला. ससोबांनी तर तव्याशेजारी शिंकायलाही बंदी केली. तव्यावर शिजवत मात्र कुणीच नव्हतं. जेवायला सगळे गोदाक्काकडे.

तवे इतके झाले म्हटल्यावर स्पर्धा आलीच. ती सोमवारी ठेवली, कारण सोमवारी सिंहमहाराज मांसाहार करत नसत. तपासणीला निघण्याआधी त्यांनी गोदाक्काकडे अकरा घावनं हाणली.

ससोबांच्या तव्यात महाराजांना स्वतःच्या मिशा दिसल्या. पाव तास ते तिथेच पीळ देत उभे राहिले. मग ते गोदाक्काच्या तव्याकडे वळले आणि त्यांनी तो हुंगला.

"याला घावनाचा वास येतोय."

"महाराज, आत्ताच तर तुम्ही अकरा खाल्लीत."

"म्हणजे तवा वापरलेला आहे," वानर म्हणाला. "वापरलेला तवा स्पर्धेत कसा चालेल?"

चूल ससोबांना मिळाली. गोदाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला रागही आला आणि तो लपवायच्या भानगडीत ती पडली नाही.

"ससोबा, घावन येतं तुम्हाला?"

"छे हो. मी गवत खातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे थाळ्या घेऊन रांगेत हजर. ससोबांनी चुलीवर मऊ गवत अंथरलं आणि त्यावर तवा मांडला. विस्तव पेटवलाच नाही, आचेने रंग गेला असता. सगळ्यांनी वाहवा केली. दुपारपर्यंत वाहवा करून करून सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. महाराजांनी गोदाक्काला बोलावणं धाडलं.

"अक्का, घावनं घाल पाहू."

"कुठे घालू? चूल आता ससोबांची."

"बिळामागे तीन दगड मांड. आम्ही तेवढ्यापुरता डोळा मिटतो. घावनं इथे आणून ससोबांच्या तव्यावर ठेव, म्हणजे लोकांना चुलीवरचं खाल्ल्यासारखं वाटेल."

गोदाक्काने तीन दगड मांडले, जुना तवा चढवला आणि पन्नास घावनं घातली. वाफाळती टोपली घेऊन ती आली तेव्हा ससोबा आडवे आले.

"अहो, ओलं आहे ते. तव्याला डाग पडेल."

मग तव्यावर केळीचं पान टाकलं आणि पानावर घावनं ठेवली. सगळे तुटून पडले. टोपली रिकामी झाली, तरी बोटं चाटणं थांबेना.

"पाहिलंस अक्का," सिंहमहाराज ढेकर देत म्हणाले, "एकवीस हात दिले की घावन कसं होतं ते. आजपासून तुला ससोबांच्या हाताखाली नेमतो. शिकून घे."

तात्पर्य : मुलांनो, तवा असा जपावा की त्यावर कधी काही शिजवायची वेळच येऊ नये. शिजवायला गोदाक्का असतेच. तिला अधूनमधून प्रशिक्षण देत जावं.