कोआलाच्या पोटातलं इंजिन

गुपित कसं ठेवायचं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं. फी घेणार नाही!

मी वाइसाले. मूळचा फिजीचा, गेली नऊ वर्षं ऑस्ट्रेलियातल्या या संत्र्यांच्या गावात आहे. संत्री पेट्यांत भरायच्या शेडमध्ये नोकरी करतो. गावात आम्ही फिजीचे साठ जण आहोत आणि साठही एकमेकांचे नातेवाईक. त्यात आमची एक रीत आहे. नात्यातल्या माणसानं 'केरेकेरे' म्हणून एखादी वस्तू मागितली की ती द्यायची. नाही म्हणायचं नाही, कुरकुरायचं नाही आणि दिलेली वस्तू परत तर मुळीच मागायची नाही. आता बोला! अशा लोकांत ज्याला काही साठवायचं असेल, त्यानं तोंडाला कुलूप लावून किल्ली समुद्रात टाकावी.

मला साठवायचं होतं. तिकडे बेटावर माझे बाबा सत्तरीतही होडी वल्हवत मासे मारायला जातात. खांदा पार कामातून गेलाय. फोनवर म्हणतात, "खांदा उत्तम आहे!" आणि मागून आई ओरडते, "काल बसून झोपलेत!" ते ऐकलं की मला जेवण जात नाही. होडीला एक इंजिन घेऊन द्यायचं, एवढीच माझी इच्छा. त्यासाठी मी दोनदा पैसे साठवले. पहिल्यांदा त्या पैशांचे मेहुण्याच्या गाडीचे चार टायर झाले, दुसऱ्यांदा चुलतबहिणीचं लग्न.

म्हणून मी लॉटरी खेळायला लागलो. दर शनिवारी एक तिकीट, तेही बायकोच्या नकळत.

आणि त्या रविवारी पेपर उघडून बघतो, तर सहापैकी पाच आकडे जुळलेले! कोट्यधीश झालो नव्हतो, पण वापरलेलं, धडधाकट इंजिन आणि ते बोटीनं पाठवायचा खर्च एवढं नक्की सुटणार होतं. मी न्हाणीघरात जाऊन, तोंडात टॉवेल कोंबून नाचलो.

तिकीट वटवायचं पेपरच्या दुकानात. पण तिथं काउंटरवर आमच्या चर्चमधली आकानिसी असते. आकानिसीला सांगणं आणि रेडिओवर सांगणं यांत फरक इतकाच, की रेडिओ मधूनमधून गाणी लावतो. तिची सुट्टी गुरुवारी. म्हणजे चार दिवस तिकीट लपवायचं होतं. खिशात ठेवू? छे! गेल्याच महिन्यात माझा अंगातला शर्ट एकानं मागून नेला होता. घरात अशी एकच वस्तू होती, जी कुणी फुकटसुद्धा मागितली नसती: पोटात घड्याळ असलेला प्लास्टिकचा कोआला. त्याचा एक कान तुटलेला आणि काटे तीन वर्षांपासून चार वाजून दहा मिनिटांवर अडकलेले. मी घडी घालून तिकीट त्याच्या सेलच्या खोबणीत सरकवलं आणि झाकण लावलं. कशी वाटली युक्ती?

सोमवारी संध्याकाळी माझा मेहुणा विलीकेसा जेवायला आला. आमच्याकडे मेहुण्यानं दाजीची टिंगल करायची आणि दाजीनं हसायचं, हा जवळजवळ धर्मच आहे. आणि विलीकेसा फार धार्मिक आहे.

"दाजी, ते घड्याळ बंद आहे ना?"

"हो. का?"

"मग जेवताना नऊ वेळा त्यात काय बघितलंत?"

"सवय रे."

"बरं, किती वाजले?"

"चार दहा," मी म्हणालो. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते!

माझी बायको उनाईसी फस्सकन हसली. "दोन दिवस असंच चाललंय याचं. सकाळी त्या कोआलाला गुड मॉर्निंग म्हणत होता!"

विलीकेसानं बशी बाजूला सारली. दाजीला जीव की प्राण असलेली वस्तू उचलून न्यायची, यासारखं सुख मेहुण्याला दुसरं नाही. "केरेकेरे, दाजी. हा कोआला मला द्या."

माझ्या घशात उकडलेल्या टॅपिओका कंदाचा तुकडा अडकला. "घे की! थांब, जरा पुसून देतो."

"राहू द्या. मला धुळीसकटच आवडतो!"

आणि इंजिन काखेत मारून तो चालू पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये (विलीकेसाही तिथंच कामाला आहे) मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुठं टांगलास रे कोआला?"

"पाद्रीबाबांकडे आहे. काल गाण्याच्या तालमीला गेलो, तर त्यांनी गाडीत बघितला. म्हणाले, हॉलमध्ये घड्याळ नाही."

"आणि तू देऊन टाकलास?"

"मागितला ना! नाही कसं म्हणणार?"

दुपारची पाळी सुटल्यावर मी तडक चर्चच्या हॉलवर गेलो. कोआला व्यासपीठाच्या मागे उंच टांगलेला. शिडी लावली, तीन पायऱ्या चढलो आणि मागून आवाज आला, "वाइसाले! शिडीवर?"

"धूळ पुसायला आलो, पाद्रीबाबा!"

त्यांचे डोळेच भरून आले. "नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपणहून आलं! खिडक्याही आहेत हं, बाळा. चौदा आहेत."

"पुसतो. आधी त्या घड्याळात नवीन सेल घालून देऊ का?"

"हात लावू नकोस!" ते ओरडले. "चालणारं घड्याळ लावलं की लोक माझ्याकडे बघतच नाहीत. याच्यात कायम चार दहा. मी आता कितीही वेळ बोलू शकतो!"

मी खिडक्या पुसायला लागलो. हे गेले की शिडीवर चढायचं, असा बेत होता. पण ते जाईनात. उलट मला म्हणाले, "आयताच आहेस, तर रविवारचं प्रवचन ऐक जरा. विषय आहे जुगार."

माझ्या हातातलं फडकं थांबलं.

"लॉटरीचं तिकीट म्हणजे सैतानाच्या दुकानाची पावती!" पाद्रीबाबा व्यासपीठावरून गरजले. "माणसा, तू ते पाप लपवशील! पण कुठं लपवशील?" आणि त्यांनी बोट थेट वर रोखलं. "तिथं वर सगळं दिसतं!"

बोट बरोबर कोआलाच्या पोटावर होतं! माझ्या हातून बादली निसटली आणि सगळा हॉल पाण्यात गेला.

"असा परिणाम झाला पाहिजे," पाद्रीबाबा खूश होऊन म्हणाले. "आता जमीन पुसून घे."

चौदा खिडक्या आणि एक जमीन पुसून मी रिकाम्या हातानं घरी आलो. कोआला मी मागू शकत नव्हतो, कारण तो माझ्याच घरातून गेलेला. आमच्यातल्या दुसऱ्या कुणाला मागायला लावला असता, तर त्याच्याकडून तिसऱ्यानं मागितला असता. परका माणूस हवा होता!

तसा एक होता. शेडमधला आमचा मुकादम डॅरल. टोमॅटोसारखा लाल, तोंडानं फटकळ, मनानं चांगला. बुधवारी चहाच्या सुट्टीत मी त्याला सगळी रीत समजावली. तिकिटाचं नाव काढलं नाही. म्हटलं, त्या कोआलात माझा जीव गुंतलाय.

"म्हणजे मी नुसतं मागायचं?" डॅरलनं विचारलं.

"हो."

"आणि ते देतात?"

"देतात."

"काही न घेता?"

"काही न घेता."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "मग तुम्ही सगळे अजून कपडे घालून कसे फिरता रे?"

बुधवारी संध्याकाळी हॉलमध्ये आमची कावा प्यायची बैठक असते. कावा म्हणजे मुळ्या कुटून केलेलं आमचं पेय, प्यायलं की माणूस सुस्तावतो. डॅरल चटईवर मांडी घालून बसला. वाटी घ्यायच्या आधी टाळी, प्यायल्यावर तीन टाळ्या, सगळं मी शिकवल्याप्रमाणे. पण वाट्या सहा झाल्या, त्याची जीभ जड झाली आणि आपण कशाला आलो हेच तो विसरला! मी कोपऱ्यातून कान ओढून खुणा करत होतो.

"तुझा कान दुखतोय का?" त्यानं भर बैठकीत विचारलं.

"कोआलाचा कान तुटलाय, तसा माझाही तुटेल असं वाटतंय!" मी दातओठ खात म्हणालो.

"हां! कोआला!" डॅरलला आठवलं. "केरेकेरे, पाद्रीबाबा. तो एककान्या मला द्या!"

पाद्रीबाबांनी वर पाहिलं. त्यांची लांबच लांब प्रवचनं डोळ्यांदेखत चालली होती. पण एक ऑस्ट्रेलियन माणूस आमच्या रीतीनं, चटईवर बसून मागत होता! त्यांनी स्वतः शिडी लावली आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या कडकडाटानं डॅरलला भलताच जोर चढला. जाताना तो कोआलाबरोबर एक चटई, टॅपिओकाचं पातेलं आणि विलीकेसाची नवीकोरी टोपी घेऊन गेला. टोपी गेली तेव्हा मेहुण्याचं तोंड बघून मला जरा बरं वाटलं.

गुरुवारी सकाळी मी त्याच्या टेबलासमोर उभा राहिलो. टेबलावर कोआला, डॅरलच्या डोक्यावर टोपी.

"दे आता."

"नाही," डॅरल म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"आवडला मला. इथंच राहू दे."

"अरे, मी मागतोय! केरेकेरे!"

"ऐकलं ना. पण मी कुठं तुमच्यातला आहे? मला नाही म्हणता येतं!"

नऊ वर्षांत माझ्या तोंडावर कुणी 'नाही' म्हटलं नव्हतं! मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा पाद्री थोडाच आहे? याला घड्याळ चालू केलेलं आवडेल!

"निदान नवीन सेल तरी घालून देतो," मी म्हणालो.

"घाल की! फार छान."

मी झाकण उघडलं. तिकीट होतं! बोटांच्या बेचक्यात धरून खिशात घातलं, सेल बसवला आणि कोआलाचं पोट तीन वर्षांनी टिकटिकायला लागलं. डॅरलला इतका आनंद झाला, की त्यानं मला अर्धा तास लवकर सोडलं.

पेपरच्या दुकानात आकानिसी नव्हती. मालकीणबाई झानात्तांनी तिकीट यंत्रात घातलं, यंत्र किणकिणलं आणि बाई ओरडल्या, "अभिनंदन!"

"शू! हळू बोला!"

"अहो, आनंदाची गोष्ट आहे!"

"म्हणूनच हळू बोला!"

गुपित कुणाला कळलं नाही. उनाईसीला नाही, विलीकेसाला नाही, पाद्रीबाबांना तर नाहीच. मी इंजिन घेतलं, गोणपाटात गुंडाळलं आणि बोटीनं रवाना केलं. बाबांना निरोप धाडला: 'कुणाला सांगू नका.' महिनाभरानं इंजिन पोहोचलं. त्या दिवशी फोनवर बाबांना बोलताच येईना. नुसतं माझं नाव दोनदा घेतलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. उनाईसीला म्हटलं, कांदा चिरत होतो. घरात कांदा नव्हता.

आठ दिवसांनी मी पुन्हा फोन केला. "काय बाबा, कसं पळतंय इंजिन?"

"वाऱ्यासारखं!" बाबा म्हणाले. "काल किनाऱ्यावरून बघितलं मी."

"किनाऱ्यावरून? होडीत का नव्हतात?"

"होडी वेगळी, बाळा. तुझ्या मामाची. मेहुणा तो, आला आणि इंजिनाकडे बघून म्हणाला, केरेकेरे."

"आणि तुम्ही देऊन टाकलंत?"

"मागितलं ना! नाही कसं म्हणणार?"

मी कपाळावर हात मारला. पाच दिवस, चौदा खिडक्या, एक सैतान! तो आवाज तिकडे ऐकू गेला असावा. बाबा घाईघाईनं म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस रे. मी काय त्याला असाच सोडला? लगेच मीही मागून घेतलं!"

"काय मागितलंत?" माझ्या जिवात जीव आला.

"त्याची वल्ही," बाबा अभिमानानं म्हणाले. "आता त्याला काय करायची आहेत? पण वल्ही म्हणजे अगदी एक नंबर, हं!"

या शनिवारी मी परत तिकीट काढलंय. ते कुठं लपवलंय, एवढं मात्र मला विचारू नका. विचारलंत, तर सांगावं लागेल!