नेमसिंग सरांचा गुळगुळीत ओटा

मानवी संस्कृतीची सगळी प्रगती घर्षण कमी करण्यातून झाली आहे. चाक, वंगण आणि ओळखीच्याचा फोन न उचलणं ही तिची ठळक उदाहरणं. बोरी अरब गावचे निवृत्त विज्ञानशिक्षक नेमसिंग राठोड यांनी त्यात चौथ्याची भर घातली.

त्यांच्या घरापुढच्या सिमेंटच्या ओट्यावर रोज सरासरी सहा माणसं बसत. (चहा: अकरा कप. नेलेलं वर्तमानपत्र परत येण्याचं प्रमाण: शून्य.) सरांना शांतता हवी होती. तसं तोंडावर सांगण्याचा मार्ग उपलब्ध होता. पण तो अवैज्ञानिक होता. म्हणून त्यांनी यवतमाळहून रंगात घालायची मेणाची पूड आणली. रंग वाळताना हे मेण वर येऊन पातळ थर धरतं आणि पृष्ठभाग निसरडा होतो. पुडक्यावर ‘डब्याला एक चमचा’ असं लिहिलं होतं. सरांनी विषयाचं गांभीर्य ओळखून वाटीभर घातली.

पाणी वाहून जावं म्हणून ओट्याला रस्त्याकडे उतार होताच. प्रत्यक्ष चाचणीत पितळी लोटा आणि जुना मित्र बाबुलाल सारख्याच वेळात रस्त्यावर पोचले. घसरणाऱ्याच्या वजनानं फरक पडत नाही, हे सरांनी बत्तीस वर्षं फळ्यावर सिद्ध केलं होतं. बाबुलालनं कपडे झटकले, ओट्यावरून एकदा हात फिरवला आणि तो समोर राहणाऱ्या विमलताईंच्या ओट्यावर जाऊन बसला. बाकीचे त्याच्या मागोमाग गेले.

शांतता प्रस्थापित झाली. बाबुलालच्या नातीचं लग्न जमलं, हे सरांना चार दिवसांनी दूधवाल्याकडून कळलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

“एकट्यानंच राहाचं होतं,” त्यांच्या पत्नी हंसाबाई ताट उचलत म्हणाल्या, “तं ओटा कायले बांधला जी?”

सरांनी वरून साधा रंग मारला. दुसऱ्याच दिवशी त्याचे पापुद्रे निघाले. इतक्या मेणावर दुसरा रंग धरत नाही. (हेही पुडक्यावर लिहिलं होतं.) उरला एकच उपाय, पॉलिश पेपर. सर वरच्या टोकाला बसून घासू लागले आणि दर दोन मिनिटांनी खालच्या टोकाला पोचू लागले.

तिसऱ्या खेपेला बाबुलाल रस्ता ओलांडून आला.

“काहून एकटेच घासून राह्यले, सर? द्या तो कागद.”

सरांचे डोळे भरून आले. “बाबुलाल, नातीचं जमलं म्हणे...”

“आधी बसू तं द्या.”

ओटा आता पूर्ववत खरखरीत आहे. (चहा: तेरा कप.) वाचकांनी सरांना हसण्याआधी घरच्या घरी एक चाचणी करावी: आपल्या दारात न कळवता येऊन शेवटचं कोण बसलं होतं, ते आठवावं. आठवत नसेल, तर आपला रंग उत्तम वाळला आहे.