बिनऔषधाचा हौद

दुसऱ्या हौदातले मासे ठणठणीत दिसले आणि सूनबाईंची पंचाईत झाली.

मत्स्यपालन केंद्रातला हा त्यांचा पहिलाच स्वतंत्र प्रयोग. दोन्ही हौदांतल्या माशांच्या अंगावर लाल चट्टे होते. पहिल्याच्या खाद्यावर समुद्री शेवाळाचा अर्क फवारायचा, दुसऱ्याला नुसतं खाद्य. फरक दिसला, तर मालक अँटिबायोटिक बंद करणार होते. आज अकराला ते फरक बघायला येणार, आणि फरकाचा पत्ताच नव्हता!

मधे लेकीला ताप आला म्हणून आठवडाभर खाद्य घालायला सासरे यायचे. निवृत्त शिक्षक. एक वेळ चुकवली नव्हती.

"बाबा, डावा डबा पहिल्या हौदाला, उजवा दुसऱ्याला, असंच ना?"

"छे! दोन्ही डबे एकत्र कालवले."

"का पण?"

"अगं, आजारी दोघंही. एकाला औषध, दुसऱ्यानं टकामका बघायचं? छत्तीस वर्षं शिकवलं, असला पंक्तिप्रपंच कधी केला नाही."

"बाबा, तो प्रयोग होता!"

"माशांना सांगितलं होतंस तसं?"

तेवढ्यात मालक आलेच. हौदात डोकावून म्हणाले, "मॅडम, नुसत्या खाद्यावरही बरे झाले की! मग तुमचा अर्क हवाय कशाला?"

सूनबाईंनी सगळं खरं सांगितलं.

"म्हणजे निम्म्या अर्कातच काम झालं?" मालक खूश.

"झालं असेल. आपोआपही बरे झाले असतील. बिनऔषधाचा हौदच उरला नाही, सांगू कशावरून?"

मालक हसले. "आयतं यश नाकारणारी माणसं कुठे मिळतात हो? पुन्हा करा. तीन हौद घ्या. पूर्ण, निम्मा, बिनऔषधाचा. खाद्य मात्र बाबाच घालतील. इतक्या मायेनं कोण घालतं?"

सूनबाईंनी कपाळाला हात लावला. मग रात्रभर विचार करून, डबे एकत्र कालवायचे नाहीत असं बाबांकडून कबूल करून घेतलं आणि डब्यांवर नुसते आकडे घातले. कुठल्यात काय, ती यादी सासूबाईंच्या कपाटात गेली.

दुसऱ्या दिवसापासून, लग्नानंतर पहिल्यांदाच, सासरे रोज सकाळी बायकोला आयता चहा करून देऊ लागले. सासूबाई तोंड उघडत होत्या, पण फक्त चहापुरतं.