राधाकृष्णाची दोन बोटं

कामगारांना नियम सांगून कळत नाहीत, गोष्ट सांगितली की कळतात, हे मी गेली अकरा वर्षं स्लाइड दाखवून सांगत आलो आहे. या कीर्तीमुळेच सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यानं मला सुरक्षा प्रशिक्षणासाठी बोलावलं. कारखाना आतून पाहण्याची मला गरज पडत नाही. एचआरच्या मोनिका मॅडमनी केस छापूनच दिली होती: राधाकृष्ण नावाचा कामगार पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर असताना मोबाईल बघत होता, त्याची दोन बोटं गेली.

मी गोष्ट रंगवून सांगितली. मोबाईलमध्ये त्याच्या मुलीचा फोटो मी पदरचा घातला. पहिल्या रांगेतल्या बन्सीनं हात वर केला. त्या हाताला बोटं तीनच होती.

"सर, त्यो राधाकृष्ण म्हंजी मीच हाय. मोबाईल तर गेटवरच जमा करून घेत्यात. टार्गेट व्हत न्हाई म्हनून मशीनचा गार्ड, ती हाताफुडची जाळी, काढायला लावला हुता."

केसमधला माणूस वर्गात बसलेला निघाला तर काय करावं, हे मार्गदर्शिकेत दिलेलं नाही. मी त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या आणि केसबाहेरची माहिती चर्चेत आणू नये, असं नम्रपणे सुचवलं.

मग परीक्षा. अपघाताचं कारण काय? (अ) दुर्लक्ष, (ब) बेफिकिरी, (क) फाजील आत्मविश्वास, (ड) वरील सर्व. बन्सीनं पेनानं (इ) तयार केला आणि त्यापुढे गार्डचं लिहिलं. नापास. नापासाला मशीनवर उभं राहता येत नाही, आणि मशीन नाही तर महिनाअखेर कंत्राटही नाही.

मला वाईट वाटलं. जेवणाच्या सुट्टीत त्याला बाजूला घेऊन मी तीच गोष्ट आणखी सोपी करून सांगितली. त्यानं डबा न उघडता ऐकून घेतली.

"मंग सर, माझी बोटं कशानी गेली?"

"तुझी नाही रे, राधाकृष्णाची," मी म्हणालो. "तू फक्त त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ."

त्यानं ठेवून बघितलं. फेरपरीक्षेत (ड) वर खूण केली, खाली सही केली. पास.

मोनिका मॅडमनी ती उत्तरपत्रिका अपघाताच्या चौकशीच्या फायलीला जोडली. तिथे ती कबुलीजबाब ठरली. इतक्या बेफिकीर माणसाला मशीनवर ठेवणं सुरक्षेच्या दृष्टीनं योग्य नव्हतं, म्हणून बन्सीला त्याच आठवड्यात कमी केलं. प्रमाणपत्र मात्र मी आवर्जून लॅमिनेट करून दिलं.

आता ही माझी सर्वांत गाजलेली केस आहे. भिंगारपासून जामखेडपर्यंत जिथे सांगतो तिथे लोक डोळे पुसतात. बन्सी हे नाव अर्थात बदललेलं आहे; खरं मला आठवत नाही.

तुम्हालाही आत्ता वाईट वाटलं असेल, तर पद्धत यशस्वी झाली. आमच्या अभिप्राय-पत्रकात 'गोष्ट भिडली का?' यापुढे 'हो' आणि 'खूप' असे दोन पर्याय आहेत. 'मग तुम्ही काय केलं?' असा प्रश्न मी एकदा घालून पाहिला होता. सगळ्यांनी ती जागा कोरी सोडली. नमुना म्हणून मी स्वतः भरलेल्या पत्रकातसुद्धा ती कोरीच आहे.