माणसं मोजून घे

आमच्या रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या गल्लीतून कोणाचीही गाडी बाहेरगावी निघाली, की देवघरे काकाजी खिडकीतून आत डोकं घालतात आणि माणसं मोजतात. नुसती नजरेनं नाही, एकेकाच्या डोक्याला बोट लावून. चालवणाऱ्याला शेवटी. समोरच्या घरातला मुलगा एकदा स्कूटरवरून एकटाच दुर्गला निघाला होता. काकाजींनी त्याच्या हेल्मेटवर बोट टेकवलं, "एक," असं गंभीरपणे म्हटलं आणि मगच त्याला जाऊ दिलं.

मोजून झालं की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं. "थांबलं का मोजायचं, निघालं का मोजायचं. लिहून घे, कामी येईल."

काकाजींनी सिंचाई विभागात तीस वर्षं काढली. त्यांनी आयुष्यात पाणी मोजलं ते कालव्यातलं. पण रायपूरहून गाडीनं पुरीला कसं जावं आणि समुद्रावर कसं वागावं, या विषयात त्यांचा हात धरणारा माणूस शंकर नगरपर्यंत सापडायचा नाही. एका जाड सरकारी रजिस्टरात त्यांनी सगळं लिहून ठेवलंय. टायरची हवा गाडी थंड असताना बघायची. टाकी अर्धी झाली म्हणजे रिकामी झाली असं समजायचं. दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करायचे. उरला भागातल्या कारखान्यांतून सळ्या भरून निघालेल्या ट्रकच्या मागे चिकटायचं नाही, "त्याची सळई आपल्या बंपरच्या आधी आपल्या नाकाले भेटते." समुद्रात उतरण्याआधी केसांना खोबरेल तेल. गाडीची चाबी खिशात ठेवून खिशाला सेफ्टी पिन. चपलांजवळ एक माणूस कायम बसलेला. नुलिया, म्हणजे किनाऱ्यावरचा पोहणारा कोळी, सोबत असल्याशिवाय गुडघ्याच्या वर पाणी नाही. पायाची वाळू निघत नसेल तर टाल्कम पावडर चोळायची, वाळू आपोआप झडते. आणि परत आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवायची, नाहीतर खारं पाणी पत्रा खातं.

आता यातली गंमत अशी की काकाजींनी समुद्र पाहिलेलाच नाही. हे सगळ्या कॉलोनीला माहीत आहे. पुरीहून कोणी परत आलं, की दुसऱ्या दिवशी काकाजी रजिस्टर घेऊन त्याच्या घरी हजर. चहा होईपर्यंत सगळी चौकशी. काय विसरलं, कोणाला उलटी झाली, लाट किती मोठी होती, सगळ्याची नोंद. ते स्वतः निघाले होते एकदा, कमलकाकू असताना, आपल्या जुन्या मारुतीतून. सरायपालीला धाब्यावर चहा घेतला. काकू हात धुवायला मागे गेल्या. मागच्या सीटवर गाद्यांची वळकटी होती, तिच्यावर काकूंची शाल. काकाजींना वाटलं, बाई झोपली. गाडी सुरू केली आणि निघाले. मधे दोनदा लिंबू मागितलं, उत्तर आलं नाही. पण काकू रुसल्या की बोलत नसत, त्यामुळे तासभर काकाजींना काही वेगळं वाटलं नाही. बरगढ जवळ आलं तेव्हा त्यांनी समजूत काढायला मागे हात घातला, तो गादीला लागला.

उलटे आले. काकू धाब्यावरच्या खाटेवर बसलेल्या होत्या. पुढे जायला त्यांनी साफ नकार दिला आणि दोघं घरी परतली, असं काकूच सगळ्यांना सांगायच्या. त्यानंतर पुरी राहिली ती राहिलीच. काकूंना जाऊन आता सात-आठ वर्षं होतील.

हा किस्सा मी आमच्या मंडळाच्या गणपतीत स्टेजवर करून दाखवला होता. वळकटीवर शाल टाकून तिच्याकडे लिंबू मागायचं, आणि मग "माणसं मोजून घे!" असं ओरडायचं. लोक हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी होते. काकाजी पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जास्त हसले. मला तेव्हा मी फार मोठा नट वाटलो होतो. आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं, पण त्याच्याहून मोठी लाज पुढे आहे.

मागच्या हिवाळ्यात आमचं पुरीचं ठरलं. मी, बायको सुषमा आणि बारा वर्षांची ऋचा. अर्थातच काकाजींकडे जावं लागलं. त्यांनी मला दोन तास बसवून रजिस्टर वाचून दाखवलं. उठताना काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काकाजी, एवढं सांगता, तर तुम्हीच चला ना आमच्यासोबत."

आपल्याकडे ताटावर बसलेला माणूस दारात आलेल्याला "या जेवायला" म्हणतो. आलेला "बसा, बसा" म्हणतो आणि कोणी पाटावर येऊन बसत नाही. मी त्याच हिशेबानं बोललो होतो.

काकाजींनी रजिस्टर मिटलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हव, येतो," म्हणाले. एवढंच.

घरी येऊन सुषमाला सांगितलं. ती म्हणाली, "मग येऊ द्या ना. मागची सीट रिकामीच आहे." मला मात्र बारा तासांचा प्रवास दिसायला लागला. दर दोन तासांनी उतरवणार, दर वेळी डोक्याला बोट लावणार, गाणी बंद करून सळ्यांचे ट्रक दाखवणार. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, "तर तसं स्पष्ट सांगा. तुमच्यानं होत नसेल तर मी सांगते." मी म्हटलं, मी सांगतो.

आठ दिवस मी रोज सांगणार होतो. तिकडे काकाजींची तयारी चालू होती. त्यांनी शिंप्याकडून पांढरी हाफ पँट शिवून घेतली. तुळशीला पाणी घालायला शेजारी सांगितलं. दूधवाल्याला पाच दिवस दूध बंद म्हणून सांगितलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी एक बिस्किटांचा मोठा डबा आणून स्वतःच्या हातानं आमच्या डिकीत ठेवला. "सामान आधीच टाकून ठेवलेलं बरं राहते, सकाळी घाई नाई होत. किती वाजता निघायचं, बाबू?"

"सहाला," मी म्हटलं.

आणि आम्ही पाचला निघालो. सुषमाला आणि ऋचाला सांगितलं, काकाजींचे गुडघे दुखताहेत, ते येत नाहीत. सुषमानं माझ्याकडे एकदा पाहिलं. ऋचा झोपेतच म्हणाली, "अरे, बेचारे आजोबा." मी हेडलाइट न लावता गाडी गेटबाहेर काढली. स्वतःच्या गल्लीतून, स्वतःच्या गाडीतून, चोरासारखा.

पण त्या रजिस्टरात एक सूचना होती ती मी विसरलो होतो. निघायच्या वेळेच्या एक तास आधी तयार होऊन बसायचं.

काकाजी व्हरांड्यातल्या दिव्याखाली खुर्चीवर बसले होते. आंघोळ झालेली, कानटोपी, मफलर, पायाशी पिशवी. गाडी पाहून ते उठले. आपल्याला घ्यायलाच आली असं वाटून त्यांनी पिशवी उचलली आणि दोन पायऱ्या उतरले. मी पायाखालचा ॲक्सिलरेटर दाबला. आरशात ते पिशवी घेऊन रस्त्यावर उभे दिसले, मग वळण आलं.

 सरायपालीला चहाला थांबलो. परत बसताना मी नकळत मोजलं, एक, दोन, तीन. हिशेब बरोबर होता आणि तरी माझ्याच्यानं गाडी सुरू करवेना. सुषमा म्हणाली, "चला आता. करायचं ते केलंत."

पुरीला पोहोचलो. समुद्र छान होता, मला काही तो नीट दिसला नाही. ऋचाच्या पायाची वाळू जाईना म्हणून तिनं काकाजींचा डबा उघडला. टाल्कम पावडर, लिंबं, ओवा, सेफ्टी पिना, नायलॉनची दोरी. पावडर चोळली तर वाळू खरंच झडून गेली. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ऋचानं उलगडलं. पांढरी हाफ पँट. शिंप्याच्या खडूची रेघ अजून तिच्यावर होती.

"पापा, ये किसकी है?"

मी म्हटलं, ठेव ती. 

परत आल्यावर दुसऱ्या सकाळी दूधवाला भेटला. तो म्हणाला, "भैया, आप तो काकाजी को ले जाने वाले थे ना? मैंने देखा, घर में ही बैठे हैं। बोले, बाबू तो बहुत जिद कर रहा था, मेरे घुटने ने ही धोखा दे दिया।"

"मग दूध चालू केलं त्यांनी?"

"नहीं भैया। बोले, पाँच दिन बोला है तो पाँच दिन।"

मी घरात ठरवून खोटं बोललो होतो, नेमकं तेच खोटं, ते माहीत नसतानाही, काकाजी माझ्यासाठी गल्लीभर सांगत होते, आणि वर पाच दिवस काळा चहा पीत होते. मला कोणी भर चौकात कानफटात मारली असती तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून मी ऑफिसला मागच्या गल्लीनं जायला लागलो. डबा डिकीतच राहिला. तो नेऊन द्यायचं धाडस होईना.

रविवारी सकाळी दाराची कडी वाजली. काकाजी. हातात रजिस्टर.

"बस," ते मलाच माझ्या घरात म्हणाले. "नोंद राहिली तुमची. पावडर कामी आली का?"

"आली."

"नुलिया घेतला होता?"

"घेतला होता."

"गाडी खालून धुतली?"

"नाही."

"धुवून घे आजच. पत्रा खाते." त्यांनी लिहिलं. मग पेन थांबवून, वर न बघता विचारलं, "माणसं मोजली होती?"

"मोजली काकाजी. एक कमी होतं." आणि मग मला राहवलं नाही. "चुकलं माझं. मी मुद्दाम केलं. तुम्ही मला चार शिव्या द्या, पण असं विचारू नका."

काकाजींनी पेनचं टोपण लावलं. खिडकीबाहेर आमच्या गाडीकडे पाहिलं.

"तुले एक सांगतो. हे रजिस्टरात नाई. सरायपालीले मी वापस आलो ना, तं कमलीनं माझ्यासाठी चहा सांगून ठेवला होता. रागावली नाई. म्हणे, चला, अर्धा रस्ता तं झालाच आहे, समुद्र पाहून येऊ. मीच नाई आयकलं. मले लाज वाटून राहिली होती, बाबू. बायकोले धाब्यावर विसरला, आता कोन्या तोंडानं तिले समुद्र दाखवू? फिरवली गाडी घराकडं."

"पण काकू तर सांगायच्या..."

"तेच तं. इथं येऊन तिनं सगळ्यायले सांगतलं का तिनंच नाई म्हटलं. झाकलं मले. मंग जाऊ जाऊ म्हणता राहूनच गेलं. माझ्या लाजेपायी तिचा समुद्र गेला." त्यांनी नाक ओढलं. "तू मागच्या गल्लीनं जाऊन राहिला, ते मले दिसलं. म्हटलं, पोट्टा लाजला. आता हा बी गाडी वापस फिरवते. म्हणून मी आलो. लाज वाटली तं पुढं ये ना बाप्पा, मागं काहून जातं?"

आत सुषमाचा चहा उकळून उतू गेल्याचा वास आला. ती दाराआड उभी राहून ऐकत होती.

"काकाजी," मी म्हटलं, "येत्या शनिवारी निघू. तुम्ही आणि आम्ही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "खरं म्हणून राहिला, का म्हणायचं म्हणून?"

त्यांनी असं विचारावं, एवढी पत मी कमावली होती. मी उठलो, खुंटीवरची गाडीची किल्ली काढली आणि त्यांच्या रजिस्टरावर ठेवली. "ही तुमच्याजवळ राहू द्या. आता तुमच्याशिवाय गाडी हलत नाही."

काकाजींनी किल्ली उचलली, उलटीसुलटी करून पाहिली.

"या गाडीले दुसरी चाबी बी राहते ना?"

मी मुकाट्यानं आत गेलो, कपाटातली दुसरी किल्ली आणली आणि तीही दिली. काकाजींनी दोन्ही सदऱ्याच्या खिशात टाकल्या. मग दुसऱ्या खिशातून सेफ्टी पिन काढली आणि चाब्यांच्या खिशाला आडवी लावली. सुषमानं नव्यानं टाकलेला चहा, दूध घालून, त्यांनी बशीत ओतून सावकाश प्यायला. ऋचानं डिकीतून डबा आणून त्यांच्या हातात दिला.

फाटकाशी जाऊन ते वळले.

"बाबू, या वेळेस टाइम खरा सांगजो. मी एक घंटा आधी बसतो, मालूम आहे ना तुले?"

"मालूम आहे, काकाजी," मी म्हटलं. माझी मान अजून खालीच होती.