शलाकाने पाडलेला उजेड

एका जंगलात, जिथे मोबाईलला रेंज फक्त बिळाच्या तोंडाशी यायची, तिथे शलाका नावाची एक साळिंदरीण राहायची.

मुलांनो, साळिंदराच्या अंगभर काटे असतात. त्याला डिवचलं की ते काटे फुलवतं. शलाकाला कुणी डिवचायची गरजच नसायची. पान पडलं, काटे फुलले. पान पडलं नाही, तर का बरं पडलं नाही, म्हणून फुलले. फुलले की थरथरायचे आणि थरथरले की शेपटीपाशी वाजायचे. खुळखुळ, खुळखुळ.

कारण शलाका नुकतीच आई झाली होती. पिल्लाचं नाव टोचू. त्याचे काटे अजून शेवयांसारखे मऊ होते, पण नाव ठेवताना आईबाप पुढचं बघतात.

शलाका शिकलेली होती. डोंगरापलीकडच्या कॉलेजात तिने कंदमुळं या विषयात पदवी घेतली होती. शेजारच्या कपारीत घोरपडकाकू राहायच्या. त्या अधूनमधून विचारायच्या, "एवढी शिकलीस गं, पण उजेड काय पाडलास?" काकू मनाने वाईट नव्हत्या. एका विषयाला चिकटल्या की सुटायच्या नाहीत, इतकंच.

बिळात एक जुनी बॅटरी होती. बॅटरी म्हणजे टॉर्च. मोठी माणसं टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आतल्या बॅटरीला सेल म्हणतात. का, ते मोठं झाल्यावरही कळत नाही. शलाकाच्या नवऱ्याला, काटेरावांना, ती सहलीची माणसं उठून गेल्यावर गवतात सापडली होती. तिचा उजेड हळद घातलेल्या दुधासारखा होता. रोज दिवेलागणीला शलाका ती एका मुळाला टांगायची, टोचूजवळ बसायची, काळजी करायची. टोचू झोपायचा.

सगळं छान चाललं होतं. म्हणजे काहीतरी होणारच.

जंगलात 'जागरूक आया' नावाचा एक ग्रुप होता. एके दिवशी हरिणीने त्यावर लिहिलं, "आम्ही पाडसासाठी हजार लुमेन घेतले. तुमच्याकडे किती?"

लुमेन हे जीवनसत्त्व असावं असं शलाकाला वाटलं. तिने घाईघाईने टोचूला कंदाचा एक घास जास्त भरवला. मग शोधल्यावर कळलं की ते उजेडाचं माप आहे. तेवढ्यात माकडिणीने एक लेख पुढे ढकलला: 'पिवळ्या उजेडात वाढलेली पिल्लं पुढे विचारही पिवळाच करतात.'

शलाकाचे काटे फुलले.

"अहो," ती काटेरावांना म्हणाली, "आपला टोचू मंद उजेडात वाढतोय."

"बरं मग?"

"मंद, अहो! मंद!"

"अगं, उजेड मंद आहे. टोचू नाही."

"सुरुवात अशीच होते."

"मग नवी बॅटरी आणू या."

"विकतच्या उजेडात माया नसते. ग्रुपवर आलंय."

काटेराव मागच्या बोगद्यात खणायला निघून गेले. ते समजूतदार होते.

शलाका बिळाच्या तोंडाशी जाऊन बसली. तिथे तिला काकराज नावाच्या कावळ्याचा व्हिडिओ सापडला. "नमस्कार दोस्तांनो! आज आपण घरच्या घरी बॅटरीचा एलईडी बदलणार आहोत. फक्त पाच मिनिटांत!" चमकणाऱ्या वस्तू कावळ्याकडे कुठून येतात, हे जंगलात कुणी विचारत नसे. त्याने एलईडी आणि वायरी जोडायला डाग द्यायची सळई घरपोच दिली. बदल्यात शलाकाचा एक काटा नेला.

शलाका कामाला लागली. रेंज तोंडाशी आणि बॅटरी आत. म्हणून ती बाहेर पळत जाऊन एक वाक्य ऐकायची आणि आत पळत येऊन तेवढंच करायची.

तिने पुढची रिंग फिरवली. काच निघाली, चकचकीत वाटी निघाली. खाली रुपयाएवढी चकती होती आणि तिच्यावर मसुराच्या डाळीएवढा जुना एलईडी. तिने डाग तापवून दोन्ही वायरी सोडवल्या. लाल कुठली, काळी कुठली, हे तपासलं. पुन्हा तपासलं. मग आपण तपासलं होतं ना, हे तपासलं.

"आता नव्या चकतीखाली पांढरी पेस्ट लावा," काकराज म्हणाला, "म्हणजे बुडाची उष्णता बाहेर..." आणि रेंज गेली.

पांढरी पेस्ट? घरात पांढरी पेस्ट एकच होती. टोचूच्या बुडाला लावायचं मलम. शलाका क्षणभर घुटमळली. पण जे टोचूच्या बुडाची आग थंड करतं, ते बॅटरीच्या बुडाची का नाही करणार? तिने बोटभर लावलं. पसरून, मायेने.

दिवेलागणीला तिने बटण दाबलं.

"सकाळ झाली का गं?" काटेराव मागच्या बोगद्यातून ओरडले.

असा उजेड जंगलात कुणी पाहिला नव्हता. दुधासारखा पांढरा आणि दुपारसारखा कडक. शलाकाचा ऊर भरून आला. शिक्षण संपल्यापासून तिच्या हातून पहिल्यांदाच काहीतरी धड झालं होतं. तिने फोटो काढून ग्रुपवर लिहिलं, "आज घरच्या घरी बॅटरी वाढवली!" पंचवीस जणींनी टाळ्या पाठवल्या. घोरपडकाकू कपारीतून म्हणाल्या, "पाडलास हो बाई, उजेड पाडलास!"

तेवढ्यात टोचू म्हणाला, "आई, तुझ्यामागे कोण आहे?"

शलाकाने वळून पाहिलं. भिंतभर काळं काहीतरी उभं होतं. त्याच्या पाठीवर शंभर भाले होते. ती घाबरली, तिचे काटे फुलले, आणि भिंतीवरचे भाले आणखी लांब झाले. ते पाहून ती आणखी घाबरली. हे बराच वेळ चाललं. टोचूने भोकाड पसरलं.

इकडे उजेड बिळाबाहेर सांडला होता. उजेडावर पतंग आले. पतंगांमागे वटवाघळं आली. वटवाघळांची एवढी गर्दी कशाला, हे बघायला बिबट्या आला.

"नवीन दुकान उघडलंय वाटतं," बिबट्या बिळात डोकं घालून म्हणाला. "वा, मांडणी छान आहे! मालही ताजा दिसतोय. काटे अगदी मऊ. बाई, लांबूनसुद्धा एकेक मोजता येतोय हो."

टोचू रडायचा थांबला. पळायला वाट नव्हती, लपायला अंधार नव्हता. अंधार तिने स्वतःच्या हाताने घालवला होता.

बिबट्याने पंजा उचलला.

आणि जळक्या मलमाचा वास आला. बॅटरी एकदा लुकलुकली, निळी झाली, 'फट्' म्हणाली आणि गेली.

मुलांनो, इतका वेळ कडक उजेडात बघितल्यावर एकदम अंधार झाला की बिबट्यालाही काही दिसत नाही. शलाकालाही दिसत नव्हतं. पण बीळ तिचं होतं. टोचू कुठे आहे ते तिला श्वासावरून कळत होतं आणि बिबट्या कुठे आहे ते वासावरून. ती गर्रकन वळली. आपण हे नीट करतोय ना, असा विचार न करता तिने आयुष्यात केलेली ही पहिलीच गोष्ट. सगळे काटे फुलवून ती उलटी धावली.

"अयाई गं!" बिबट्या म्हणाला. नाकात काटे घेऊन तो नाल्यापर्यंत पळाला.

"दुकान बंद आहे," शलाका म्हणाली. पण तोवर तो लांब गेला होता.

मग तिला कापरं भरलं. अंधारात काटे वाजू लागले. खुळखुळ, खुळखुळ. आता टोचू पुन्हा घाबरेल म्हणून तिने श्वास रोखून ते थांबवले.

"आई," टोचू पेंगुळल्या आवाजात म्हणाला, "थांबू नको ना. वाज."

शलाका वाजली. टोचू झोपला.

तेव्हा तिला कळलं. टोचूला उजेड कधी लागतच नव्हता. तो झोपलाय की नाही हे बघायला उजेड तिलाच लागायचा.

सकाळी घोरपडकाकू आल्या. "काय गं, फुटली का बॅटरी?"

"फुटली म्हणू नये, काकू."

"खरंय. फुटलेल्या बांगडीला आपण वाढली म्हणतो. काल तू 'बॅटरी वाढवली' लिहिलंस ना, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली." काकू थांबल्या. "पाल म्हणजे माझी भाची हो."

शलाकाने ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. मग खोडलं. मग एवढंच ठेवलं, "आमच्याकडे आता शून्य लुमेन. पिल्लू शांत झोपतं. बिबट्या येत नाही."

संध्याकाळपर्यंत जंगलातल्या सगळ्या बॅटऱ्या वाढल्या. काकराजचा नवा व्हिडिओ आला: 'घरच्या घरी अंधार बसवा. फक्त पाच मिनिटांत!' आणि हरिणीने लिहिलं, "आम्ही अमावस्येचा घेतला. तुमचा कुठला?"

आपला अंधार कमी तर पडत नसेल? शलाकाचे काटे फुलले.

खुळखुळ ऐकताच टोचूने डोळे मिटले.

तात्पर्य: आईने उगाच काळजी करू नये, असं सगळे सांगतात. तिने मुळीच ऐकू नये. ती निश्चिंत झाली, तर पिल्लांनी झोपायचं कशावर?